टोपीएवढं कारण

खुनाचा पिक्चर लागला की सगळ्यांना एकच प्रश्न पडतो, कुणी केला? माझ्या आईला तो पडत नाही. ती कारण विचारते, "काहून केला असंल?"

आई आता ऐंशीच्या घरात आहे आणि परभणीत माझ्याजवळ राहते. रविवारी दुपारी जेवणं उरकली, की आम्ही मायलेकी टीव्हीपुढं बसतो. तिच्या पुढ्यात सुपात शेंगा, माझ्या मांडीवर उशी, आणि पडद्यावर दक्षिणेकडचा, हिंदीत बोलायला लावलेला एखादा खुनाचा पिक्चर. आमचे हेसुद्धा पूर्वी बसायचे. पण दहाव्या मिनिटाला "तो माळी आहे बघ" असं सांगून मोकळे व्हायचे, आणि मेला तो माळीच निघायचा. एकदा मी अशी काही भडकले, की तेव्हापासून ते आतल्या खोलीत पेपर वाचतात.

आईला पुराव्यांशी देणंघेणं नसतं. रक्ताचा डाग, फुटलेलं घड्याळ, चिखलातला बुटाचा ठसा, सगळं तिच्या डोळ्यांपुढून जातं आणि ती आपली शेंगा फोडत राहते. शेवटी पोलीस साहेब घरातल्या सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करतात, एकेकाच्या तोंडाकडं बघत फिरतात, आणि खुनी रडत रडत कारण सांगायला लागतो, तेव्हा मात्र तिचा हात थांबतो. ती कान देऊन ऐकते. मग निकाल देते. पटलं, नाहीतर न्हाई पटलं. आमच्या घरात त्यावर अपील नाही.

बहुतेक वेळा न्हाई पटलंच असतं. एका पिक्चरमध्ये पुतण्यानं इस्टेटीसाठी चुलत्याला गच्चीवरून ढकललं. आई म्हणाली, "दोन-दोन गाड्या दारात उभ्या हायत की त्याच्या. तिसरी काय डोक्यावर घ्यायची व्हती?" एकात एक डॉक्टर माणसांमागून माणसं मारत सुटला होता, आणि शेवटी कळलं की त्याच्या डोक्यावर परिणाम झालेला आहे. त्या दिवशी तर ती चिडलीच. "येडा हाय म्हणलं की झालं! लिहिणाराला कट्टाळा आला व्हता, दुसरं काय."

मी तिच्याहून कडक. मी शाळेत मराठी शिकवते. उत्तरपत्रिकेत कारणं द्या म्हटलं की पोरं काहीही ठोकून देतात, ते वर्षभर सहन करायचं आणि रविवारी पिक्चरवाल्यांनीही तेच करायचं म्हणजे माझं डोकं फिरतं. मी टीव्हीशी भांडते. आई म्हणते, "हळू बोल, त्याला ऐकू यायलंय." पण एरवी आमचं दोघींचं मत जुळतं. जुळलं नाही ते एकदाच, दिवाळी तोंडावर आली होती त्या रविवारी.

पिक्चर एका मोठ्या घराण्याचा होता. भाताची गिरणी, नारळाची बाग, दारात हत्ती. घराच्या मालकाला कुणीतरी खिरीतून विष घालून मारलेलं. अडीच तास पोलिसांनी गिरणीतल्या भागीदारावर, दुसऱ्या बायकोवर, व्यसनी मुलावर संशय घेतला. आणि खुनी कोण निघावा? मालकाचा चुलतभाऊ. लहानपणापासून एका ताटात जेवलेला, त्याच घरात राबलेला साधा म्हातारा. कारण काय, तर घरातल्या लग्नात तो पुढच्या खुर्चीवर बसला होता. कुणी मोठा पाहुणा आला, आणि मालकानं त्याच्या खांद्याला हात लावून म्हटलं, तू ऊठ रे, तू काय आपलाच आहेस.

"अगं आई गं!" मी उशीच फेकली. "खुर्चीसाठी खून? आता हेच राहिलं होतं. अडीच तास बसवून ठेवलं आणि शेवटी हातात काय, तर खुर्ची! मी लिहिणारी असते तर लाज वाटली असती मला. काय गं, न्हाई पटलं ना?"

आई टीव्हीकडंच बघत होती. पडद्यावर नावं सरकत होती. ती म्हणाली, "पटलं."

"काय पटलं?"

"पटलं की. बराबर हाय त्याचं."

मग तिनं सूप बाजूला सरकवलं आणि डोळ्याला पदर लावला. खुनाच्या पिक्चरला माझी आई कधी रडलेली नाही. मी घाबरले. तिला पाणी दिलं, टीव्ही बंद केला, काय होतंय म्हणून विचारलं. तर ती म्हणाली, "तुझ्या मामाची टोपी म्या काढली व्हती."

आता ही टोपी काय, ते सांगायला मला माझ्या लग्नात जावं लागेल.

आमच्याकडं लग्नात मानाच्या माणसांना टॉवेल-टोपी देतात. मांडवात माइकवाला एकेकाला पुकारतो, तो पुढं येतो, यजमान त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकतात आणि डोक्यावर कोरी पांढरी टोपी ठेवतात. टोपी कुणी घालतही नाही पुढं, कपाटात पडून राहते. पण ती चारचौघांत मिळायला पाहिजे. ज्याला मिळाली नाही तो नंतर दहा गावांत सांगत फिरतो. माझं लग्न वालूरजवळच्या आमच्या गावात झालं. मी आत मुंडावळ्या बांधून बसलेली, त्यामुळं मी यातलं काही पाहिलं नाही. पण पुढं जिनं-तिनं मला आपापली साक्ष दिली आणि सगळ्यांचं म्हणणं एकच होतं.

माइकवाल्यानं पुकारलं, "नवरीचे मामा, पालमचे मामा, त्यांनी पुढं यावं." मामा तेव्हा पंगतीच्या वाढपात होता. हात पुसत आला. नवी टोपी घ्यायची म्हणून त्यानं डोक्यावरची आपली टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली आणि वडलांपुढं मान वाकवून उभा राहिला. वडलांनी टॉवेल टाकला. आणि टोपीच नव्हती. वडील दाराकडं बघायला लागले. सगळा मांडव बघायला लागला. माझा मामा तसाच मान वाकवून उभा. शेवटी माइकवाला म्हणाला, "मामाचं नंतर बघू, मामा काय घरचंच माणूस हाय!" त्यावर लोक हसले. वाईट मनानं कुणी हसलं नाही, पण हसले.

मामा तसाच वाढपाकडं परत गेला. मंगलाष्टकं लागली तेव्हा रीतीप्रमाणं तो माझ्या पाठीशी उभा होता. त्याचा हात माझ्या पाठीवर होता आणि थरथरत होता, एवढं मात्र माझं मला आठवतं. मला वाटलं, भाची चालली म्हणून गलबललाय बिचारा. अक्षता पडल्या, आणि तो न जेवता मिळेल त्या गाडीनं पालमला निघून गेला.

त्यानंतर तो आमच्या घराची पायरी चढला नाही. नातं तुटलं म्हणावं तर तेही नाही. वडील वारले तेव्हा मातीला आला, खांदा दिला, आणि तिकडूनच परत गेला. त्याच्या मुलाच्या लग्नाला आम्हाला रीतसर बोलावणं आलं. आम्ही गेलो तर सगळ्यांदेखत तो आईच्या पाया पडला, पण तोंडातून शब्द काढला नाही. त्या मांडवात शंभर पांढऱ्या टोप्या होत्या आणि वरबाप बोडका हिंडत होता. माझ्या लग्नात खिशात घातलेली टोपी त्यानं पुन्हा कधी डोक्यावर घेतली नव्हती. दर दिवाळीला मात्र त्याच्याकडून सीताफळांची पिशवी यायची. त्याचा मुलगा फोन करायचा, "ताई, पालमच्या गाडीत पिशवी ठिवलीय, स्टँडवरून घ्या." फळं अशी निवडक, की एकही दबलेलं नाही.

आणि भाऊबीज. ज्या बाईला भाऊ नाही ती त्या दिवशी चंद्राला ओवाळते. माझी आई दरवर्षी ताट घेऊन आमच्या गच्चीवर उभी राहते आणि बीजेची ती बारीक कोर शोधते. एकदा शेजारच्या नव्या सुनेनं विचारलं, "आजी, भाऊ नाही का तुम्हाला?" आई म्हणाली, "हाय की. लांब हाय." पालम इथून दोन-अडीच तासांवर आहे हो. मला त्या दिवशी आईची कीव आली आणि मामाचा असा राग आला, की समोर असता तर काय बोलले असते कोण जाणे. एका टोपीपायी! मी हे कितीदा बोलून दाखवलंय. एका टोपीपायी सख्ख्या बहिणीला टाकतं का कुणी? आई त्यावर कधीच काही बोलायची नाही. का बोलत नव्हती, ते मला त्या रविवारी कळलं.

"टोप्या मोजून आणल्या व्हत्या," आई सांगत होती. "गाठोडं माझ्याजवळ, दारात. म्या एकेक काढून देत व्हते. शेवटच्या दोन राहिल्या. एक तुझ्या मामाची, एक तुझ्या आत्याच्या मालकाची. अन् तेवढ्यात तालुक्याचे कोण साहेब आले. तुझे वडील वराडले, टोपी दे लवकर. आता कुणाची काढू? आत्याचा मालक म्हणजे जावई माणूस. त्याची राहिली असती तर त्यानं मांडव उलथा केला असता. म्या तुझ्या मामाची काढली. इचार बी केला न्हाई गं. हात आपसूक तिकडंच गेला."

"पण मग माइकवाल्याला सांगायचं ना, मामाला पुकारू नको म्हणून!"

"सांगायला उठले व्हते. तवर त्यानं पुकारलं बी. अन् हा आपली टोपी काढून उभा. मला वाटलं, हसंल तो. लहानपणापासून हसरा व्हता."

मामाला वाटतंय की टोपी कमी पडली. ती कुणी कमी पाडली हे त्याला ठाऊक नाही, आणि कळलं तर सीताफळंही यायची बंद होतील, या भीतीनं ही बाई इतकी वर्षं गप्प बसली होती. वडलांनासुद्धा तिनं सांगितलं नव्हतं. मी तिला जवळ घेतलं. माझी कडक आई माझ्या खांद्याला लागून लहान पोरीसारखी हुंदके देत होती, आणि खरं सांगते, मला तिच्यावर रागावताही येईना.

"मला एकदा ओवाळायचं हाय त्याला," ती म्हणाली. "माझ्या तोंडानं सांगायचं हाय अन् ओवाळायचं हाय. मग येऊ नको म्हणला तरी चालंल."

मी म्हटलं, मी जाऊन आणते मामाला. जाताना चांगली टोपी घेऊन जाते. तर ती एकदम ताठ झाली. "टोपी नेऊ नको. चारचौघांत राह्यलेली टोपी घरी गपचूप दिली, तर ती पुन्हा काढून घेतल्यावानीच हाय." यातही तिचं बरोबर होतं. मी मोकळ्या हातानं निघाले.

गंगाखेडमार्गे पालमची गाडी धरली. वाटेत शेतांतून सोयाबीन निघून गेलं होतं, कापूस पांढरा दिसायला लागला होता. मामापुढं काय बोलायचं याची मी वाटभर तालीम केली आणि पालम आलं तेव्हा सगळं विसरले.

मामा ओसरीत बसला होता. पुढ्यात सीताफळांचा ढीग. एकेक फळ हातात घेऊन, डोळे उघडलेत का बघून, वेगळं काढत होता. चांगली, मोठी फळं एका जुन्या धोतरावर मांडलेली होती. डोक्यावरचे केस पांढरे झालेले. मला बघून उठायला लागला, तर मीच पाया पडले.

"कशी हाय अक्का?" त्यानं पहिलं हेच विचारलं. इतक्या वर्षांत मी भेटले की तो पहिलं हेच विचारायचा, हेही तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

मामीनं चहा केला. चहा संपला तरी माझं तोंड उघडेना. मी, जिच्या आवाजानं अख्खा वर्ग गप होतो, ती मी बशीकडं बघत बसले. शेवटी काही सुचेना म्हणून मी पिक्चरच सांगायला सुरुवात केली. आई रविवारी खुनाचे पिक्चर बघते हे ऐकून मामा खुदकन हसला. "अक्का? कोंबडं कापलेलं बघवत न्हाई तिला."

"खून बघत नाही रे ती, कारण बघते. आणि शेवटी सांगते, पटलं का न्हाई पटलं."

मग त्याला गिरणी सांगितली, हत्ती सांगितला, विष सांगितलं. खुर्ची सांगितली. मामाचा हात फळांवरून थांबला.

"मग? अक्का काय म्हणली?"

"पटलं म्हणाली."

"तुला?"

"मला नाही पटलं, मामा. एवढ्याशा कारणासाठी मारतं का कुणी?"

"मारायचं कशाला?" मामा म्हणाला. "त्याच्या घरी जायाचं न्हाई. बास हाय की तेवढं." आणि जरा वेळानं विचारलं, "पण त्याला खुर्चीवरनं उठीवलं कुणी? मॅनेजरनं का काय?"

"नाही. ज्याला मारलं त्यानंच. चुलतभावानं. एका ताटात जेवलेले दोघं."

"हां. मग बराबर हाय. परक्यानं उठीवलं असतं तर दुसऱ्या दिवशी इसरून गेला असता गडी."

मी बशी खाली ठेवली. हा माणूस पिक्चरबद्दल बोलत नव्हता, आणि नुसत्या टोपीबद्दलही नाही. मला विचारावंसं वाटलं, मामा, तुला काय काय ठाऊक आहे? पण ते आईचं बोलणं होतं, मी आधीच उकरून काढणं बरं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "मामा, यंदा भाऊबीजेला ये. ती चंद्राला ओवाळते रे. भाऊ असून चंद्राला ओवाळते."

हे त्याला माहीत नव्हतं. मामीकडं बघून त्यानं नजर खाली घातली. धोतरावरची फळं पुन्हा एकदा नीट लावली. मग तो म्हणाला, "बघू." एवढंच. मामीनं मला फाटकापर्यंत सोडताना सांगितलं, "दर भाऊबीजेला सकाळीच उठून शेतात जातेत. दिवसभर घरी येत न्हाईत. तुमी आलात लय बरं झालं." येताना गाडीत मला रडू आलं. शेजारची बाई विचारत होती, काय झालं, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही हो, कुणी यायचंय.

आईला मी सगळं सांगितलं, फक्त शेवटचं परक्याचं वाक्य सोडून. तिनं विचारलं, "येतो म्हणला का?" मी म्हटलं, "बघू म्हणाला." तिनं मान हलवली आणि करंज्यांचं सारण परतायला घेतलं. ते खाली लागलं. आईचं सारण कधी लागत नाही.

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी फोन आला. मामाचा मुलगा. "ताई, पालमच्या गाडीत पिशवी ठिवलीय. चारपर्यंत येईल, स्टँडवर घ्या." झालं. म्हणजे येत नाही. नेहमीसारखी पिशवी. आई माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला काय ते कळलं. "जा, घेऊन ये," ती म्हणाली. "फळं उन्हात राहतेल."

स्टँडवर सणाची ही गर्दी. भावांकडं निघालेल्या बाया, डबे, पिशव्या, लेकरं. मी चरफडत उभी. गाडी लागली, लोक उतरले, मी दारातच कंडक्टरला गाठलं. "पालमची पिशवी आहे का?"

तो मागं वळून बघत म्हणाला, "पिशवी न्हाई मॅडम, आजोबा हायत."

आणि माझा मामा दांड्याला धरून एकेक पायरी उतरला. पांढरा सदरा, धुतलेलं धोतर, बोडकं डोकं, आणि छातीशी धरलेली सीताफळांची पिशवी. मी तिथंच, सगळ्या स्टँडदेखत, त्याच्या गळ्यात पडले.

"अगं फळं, फळं दबतील!" तो म्हणाला. "ड्रायव्हर लोक कुठं बी ठिवतेत पिशवी. निम्मी फुटतेत. म्हणून म्या घेऊन आलो."

इतकी वर्षं एक फळ दबलेलं नव्हतं. हे कारण मला मुळीच पटलं नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा मी न पटलेल्या कारणावर तोंड मिटून राहिले.

रिक्षा दारात थांबली तेव्हा आई ओट्यावर होती. चंद्रासाठीच्या ताटाला लागणारी फुलं तोडत होती. मामा फाटकाशी थांबला. पायरी चढावी का नाही, असा उभा. आईनं वर बघितलं. हातातली फुलं ओच्यात पडली. ती म्हणाली, "उन्हाचा आलास. पाणी पी." जणू तो कालच येऊन गेला होता. मामा पायरी चढला.

पाट मांडला. मी भोवती रांगोळी काढली, ती वाकडी आली. आमचे हे पेपर सोडून बाहेर आले आणि भिंतीशी हात बांधून उभे राहिले. आईनं निरांजन लावलं, ताट उचललं, मामापुढं आली. आणि थांबली.

"उघड्या डोक्यानं कसं ओवाळू?"

बरोबरच होतं. ओवाळून घेणाऱ्याचं डोकं झाकलेलं लागतं. आता आली पंचाईत. आमच्या घरात टोपी घालणारं कुणी उरलेलं नाही. हे आत जाऊन मुलाची क्रिकेटची टोपी घेऊन आले. निळी, पुढं चोच असलेली. मी त्यांच्याकडं असं बघितलं, की आल्या पावली मागं फिरले. मग रुमाल आणला, तर तोही खिशातला, चुरगळलेला. मामा मान खाली घालून म्हणाला, "राहू दे अक्का. न्हाई तर न्हाई. उघडंच ओवाळ."

त्या दिवशी मांडवात तो असाच उभा राहिला असणार. मला बघवेना.

आईनं ताट डाव्या हातावर घेतलं. उजव्या हातानं आपला पदर खांद्यावरून ओढला, पुढं वाकली, आणि मामाच्या डोक्यावर टाकला. पदराचं एक टोक त्याच्या डोक्यावर, दुसरं तिच्या खांद्यावर. निरांजनाच्या उजेडात दोघं एका लुगड्याखाली. मामाचे डोळे गच्च मिटलेले.

"भाऊ," आई म्हणाली, "आधी सांगते, मग ओवाळते. तुझी टोपी कमी पडली न्हाई. म्या काढली. त्या साहेबाला दिली."

मामा डोळे मिटूनच म्हणाला, "माहिताय अक्का. म्या बघितलं व्हतं. वाढायला जाता जाता दारातून बघितलं तुला काढताना."

आईच्या हातातलं ताट हललं. मी पुढं झाले, पण तिनं नजरेनंच मला थांबवलं.

"अन् तरी पुकारल्यावर पुढं आलास?"

"मला वाटलं, काढली ती माझी नसंल. दुसऱ्याची काढली असंल."

"मग बोलला का न्हाईस इतकी वर्षं?"

"तू सांगशील म्हणलं." मामानं डोळे उघडले. ते भरलेले होते. "टोपीचं काय गं. टोपी एका वर्षात इसरलो म्या. मला एवढंच कळत नव्हतं. एवढ्या लोकांत माझीच काढलीस. काहून?"

आईचा तो प्रश्न. इतक्या पिक्चरांना तिनं विचारलेला. निरांजनाची वात तडतडली. आई म्हणाली, "तू माझा हाईस म्हणून. बाकी कुणाची बी काढायला भ्याले रे मी. तुझी काढताना भ्याले न्हाई."

आमचे हे भिंतीकडं तोंड करून उभे होते. मी रडत होते आणि नाक पुसायला माझ्याकडं तोच चुरगळलेला रुमाल होता.

मामानं हात वर केला. वाटलं, पदर काढतो की काय. पण त्यानं तो कपाळावर नीट ओढून घेतला, टोपी बसवतात तसा.

"पटलं," तो म्हणाला. "आता ओवाळ अक्का. हात भरून आला असंल तुझा."